मे महिन्यातली राळ

बशीत पिवळसर पापुद्रा उरला होता. मी रिपोर्टवर 'राळ आहे' असं लिहिलं आणि सही केली. तासाभरात भट्टीवरच्या मनिरामला हिशेब घेऊन जायला सांगण्यात आलं.

गोंदियाच्या एका लाख कारखान्यात मी केमिस्ट होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. जंगलातून आलेली लाख धुऊन, भट्टीसमोर वितळवून तिचे पातळ पत्रे काढत. त्यांना चपडा म्हणत. लाख महाग, राळ स्वस्त. कारागीर राळ मिसळून तेवढी लाख बाहेर विकतो, हा संशय नेहमीचाच. कलकत्त्याला जाणारा माल दुसऱ्या सकाळी वॅगनमध्ये चढायचा होता.

तपासणी सोपी होती. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पेट्रोलमध्ये ओतायचा. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, खाली बसते. राळ विरघळते. वरचं पेट्रोल गाळून उडू दिलं की राळ बशीत उरते.

निघण्याआधी मनिराम लॅबमध्ये आला. न विचारता त्याने बशीतला पापुद्रा बोटांत चोळला.

"राळ बोटाले चिकटते, साहेब. हे त घसरून राहिलं. वीस वरसं आगीपुढं बसलो, आता मले चोर कायले म्हणता?"

तो गेल्यावर मी चोळून पाहिलं. बोटं गुळगुळीत झाली.

लाखेत मुळातच थोडं मेण असतं. ते गरम पेट्रोलमध्ये विरघळतं, म्हणून पुस्तकात 'थंड पेट्रोल घ्यावे' असं लिहिलेलं होतं. मी कपाटातली बाटली घेतली होती. वर पत्र्याचं छप्पर, महिना मे. बाटली हाताला कोमट लागली.

ती रांजणाखालच्या ओल्या वाळूत दोन तास पुरली. पुन्हा तपासणी केली. या वेळी मेण लाखेबरोबर खाली बसलं. बशी कोरडी.

कारखान्याचे मालक असलेल्या शेठनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले.

"सुबहवाली गलत, तो शामवाली सही कैसे?"

प्रश्न रास्त होता. त्याच चपड्यात मी चिमूटभर राळ घातली आणि थंड पेट्रोलने त्यांच्यासमोर तपासणी केली. बशीत पापुद्रा आला. शेठनी बोट टेकवलं. ते चिकटलं. धोतराला पुसूनही निघेना.

"मनिराम को बुलाओ," ते म्हणाले.

माल वेळेवर गेला आणि परत आला नाही. मनिराम पुन्हा भट्टीवर बसला. माझ्याशी मात्र पावसाळा लागेपर्यंत बोलला नाही.

पुस्तक लिहिणाऱ्याने गोंदियाचा मे पाहिला नव्हता. मी पाहिला होता.