आधीच हरलेले सामने

त्या अमेरिकन इंजिनियरने मला अख्खा एक हंगाम फसवलं. आखातातल्या अल रय्यानमध्ये तेव्हा माझं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. तासभर घासाघीस करून त्याने सोफा घेतला आणि वर अट घातली, की दर शुक्रवारी दुपारी मी त्याच सोफ्यावर बसून त्याच्यासोबत सामना बघायचा. हेल्मेट घालून खेळतात त्या त्यांच्या फुटबॉलच्या व्हिडिओ कॅसेट त्याचा भाऊ अमेरिकेहून टपालाने पाठवायचा. संघ त्याच्या गावचा होता आणि दर शुक्रवारी हरायचा. खेळ मला हळूहळू कळला, हरणं मात्र पहिल्या दिवसापासून सोसवेना. मी उभा राहून ओरडायचो, "अरे, पकड त्याला! झोपलास काय?" तो शांतपणे माझ्याकडे बघत बसायचा.

एकदा पाकिटातून भावाची चिठ्ठी खाली पडली. तिच्यात त्या सामन्याचा निकाल लिहिला होता. तशी चिठ्ठी प्रत्येक पाकिटात असायची.

माझं डोकं फिरलं. "हरल्याचं ठाऊक असून मला घसा फोडू दिलात? खलास! उद्या सोफा उचलून नेतो."

"तू ओरडलास की मलाही वाटायचं, आज जिंकतील," तो म्हणाला. "एकट्याला तसं वाटत नाही."

मी पुन्हा बसलो. त्या दुपारी आम्ही दोघंही ओरडलो.

त्याला मी माफ केलं. पण घरापासून इतक्या लांब बसलेल्या माणसाला हंगामभरात एकही सामना जिंकून न देणाऱ्या त्या संघाने समोर येऊन मला जाब द्यावा.