दादांच्या डोळ्यातलं तेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर म्हणाला असता, या बाई? छे, काहीतरीच! वीस वर्षं घनसावंगीत विज्ञान शिकवते, एकाही लेकरावर हात उचललेला नाही. पालकसभेत त्यावर भाषणही दिलंय मी. टाळ्या पडल्या होत्या.

मी माझ्या वडिलांना मारलं.

झालं लिहून. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही — कारण हे अर्धंच आहे. खरं पुढेच आहे, आणि तिकडे जाताना माझी लेखणी अजून आडवाटेला लागतेय.

दादांचं — वडिलांना आम्ही दादाच म्हणतो — तीर्थपुरीला दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. चाळीस वर्षं तांब्याची तार, ग्रीस आणि तेल. शाळेत चौथीपर्यंतच गेलेले, पण बंद पडलेल्या मोटारीला कान लावून दुखणं सांगायचे. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं. माझं लग्न टिकलं नव्हतं, भाऊ पुण्याला, म्हणजे घरात आम्ही दोघंच. मग साखरेनं त्यांचे डोळे धरले. आतल्या पडद्याला सूज आली, आणि जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातच इंजेक्शन घ्यावं लागेल. दर महिन्याला एक, आधी उजव्या डोळ्यात. दादा एकदाही कण्हले नाहीत. परतीच्या बसमध्ये पट्टी लावलेला डोळा खिडकीकडे करून बसायचे आणि मला शेंगदाणे सोलून द्यायचे.

सहा-सात इंजेक्शनं झाली आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "माय, पाण्यात तेल तरंगून राह्यलं."

मी तांब्या पुन्हा घासला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते थेंब भाकरीवर आले, पेपरवर आले, फरशीवर आले. मान खाली घातली की येतात, वर केली की जातात. दादा तांब्यात बोट घालून काहीतरी हळूहळू काठाकडे ढकलत बसायचे. मला नीट समजावून सांगायचे — गोल आहेत, काचेसारखे, आरपार दिसतं, पाणी असं गोल राहत नाही, तेलच राहतं. आणि शेवटी एकदा म्हणालेच, "त्या सुईतनं गेलंय डोळ्यात. तेल मला कळतं."

मी हसले. डोळा म्हणजे काय मोटार आहे का, दादा? माझ्याच हसण्याचा मला आज इतका राग येतो, की काय सांगू.

नंतर हसणंही संपलं. दादा इंजेक्शनाला नाही म्हणू लागले — आधी ते तेल काढा म्हणावं, मंग दुसरं टोचा. मी रजा टाकायची, गाडी पकडायची, आणि हे दारात बसून हटायचे नाहीत. माझं डोकं कसं आहे ते घरच्यांनाच ठाऊक — हात आधी चालतो. एके सकाळी तोच तांब्या उचलला आणि भिंतीवर फेकला. भिंतीवरून उडून तो त्यांच्या गुडघ्यावर आदळला. दादा गुडघा चोळत उठले आणि टोपी घालून माझ्यासोबत निघाले.

त्याच दिवशी मी डॉक्टरांकडे त्यांची चुगली केली. हो, चुगलीच. दादा बाहेर बाकावर, डोळ्यात औषध टाकून डोळे मिटून बसलेले — आणि मी आत जाऊन म्हणाले, यांच्या मनावर परिणाम झालाय, काही गोळी असेल तर द्या. डॉक्टरांनी आधी त्यांना बोलावून यंत्रावर डोळा तपासला, पुन्हा बाहेर बसवलं आणि मला एकटीला सांगितलं, "ते बरोबर सांगतायत." सिरिंजमधला दट्ट्या नीट सरकावा म्हणून आतून सिलिकॉनचं तेल लावलेलं असतं. पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घेतली की कधी कधी त्याचे बारीक थेंब डोळ्यात उतरतात आणि तिथेच राहतात. बहुतेक वेळा त्रास काही नाही, फक्त दिसतात. वडिलांना समजावून सांगा, म्हणाले, म्हणजे घाबरणार नाहीत. आणि काही नवीन दिसलं, काळं काही आलं, तर लगेच आणा.

समजावून सांगा — किती सोपं होतं ते! बाहेर यायचं आणि म्हणायचं, दादा, तुमचं बरोबर होतं. एवढंच.

मी बाहेर आले. त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "काय म्हनले साहेब?" मी म्हणाले, "काही नाही. मनाचे खेळ आहेत म्हणाले."

का? पाण्यावर तेल तरंगतं हा धडा मी दर वर्षी मुलांना प्रयोग करून दाखवते, आणि चौथी शिकलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्यातलं तेल माझ्या आधी कळलं, म्हणून? सकाळी फेकलेला तांब्या मग उगाच फेकला असा झाला असता, म्हणून? मी कारणं खूप शोधली. सापडलेलं एकही मला इथे मांडावंसं वाटत नाही.

आता ते उरलेलं अर्धं सांगते.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या मुख्याध्यापिका जेवायला आल्या होत्या. दादांनी पाण्याचा ग्लास तोंडाजवळ नेला, खाली ठेवला, आणि त्यांना म्हणाले, "बाई, बघा बरं, यात तेल दिसतं का तुम्हाला? माझी लेक मला येडा म्हनती." मुख्याध्यापिका कसंनुसं हसल्या. त्या जाईपर्यंत मी हसत होते. दार लागलं — आणि माझ्या हातात आमटीची पळी होती.

पहिली त्यांच्या बोटांवर बसली. त्यांनी हात मागे घेतला नाही, म्हणून दुसरी, मग तिसरी. मग पळी टाकून मी त्यांच्या थोबाडीत मारली. उजव्या गालावर, खाडकन. टोपी ताटात पडली. त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हणाले — म्हणा, काही नाही, मनाचं असतं. म्हणा! ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मी थांबले असते का? माहीत नाही. मी पुन्हा मारलं. त्याच गालावर. तेव्हा ते म्हणाले. तीनदा म्हणवून घेतलं मी त्यांच्याकडून, पाढ्यासारखं.

आणि मला माहीत होतं. ध्यानात येतंय ना तुमच्या? तांब्या फेकला तेव्हा माहीत नव्हतं. हे मारलं तेव्हा माहीत होतं. ते खरं बोलतायत हे माहीत असताना, ते खरं बोलतायत म्हणून मारलं.

त्यानंतर दादा तेलाबद्दल बोलले नाहीत. मी समाधानी होते. हो — समाधानी. घरात शांतता होती, बोटांची सूज उतरली होती, ते मुकाट गाडीत बसत होते.

दोन महिन्यांनी ते दाराच्या चौकटीला धडकले. उजव्या बाजूनं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी डावा डोळा झाकून बोटं मोजायला सांगितली, तर त्यांना माझा हातच दिसला नाही. जालन्याला नेलं. आतला पडदा सुटला होता. कधीपासून, डॉक्टरांनी विचारलं. दादा म्हणाले, "आठ-धा रोज झाले आसतील. काळं काळं वरून खाली येऊन राह्यलं होतं." मग सांगितलं का नाही घरी? "ध्यानातच न्हाई राह्यलं, साहेब."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी आणलं असतं तर डोळा वाचला असता, डॉक्टर म्हणाले. तशाही स्थितीत ऑपरेशन करून पाहिलं, पण नजर आली नाही. मारल्यानं पडदा सुटू शकतो का, हे मी त्यांना विचारलं नाही. ते हो म्हणतील म्हणून विचारलं नाही.

आता डावा डोळा उरलाय. त्यातही इंजेक्शनं चालू आहेत. परवा शाळा लवकर सुटली. घरी आले तर दादा ओट्यावर बसलेले, पुढ्यात पाण्याचा तांब्या, आणि आत बोट घालून काहीतरी हळूहळू काठाकडे ढकलत होते. माझ्या चपलांचा आवाज आला तशी त्यांनी हात झटकन मांडीखाली घेतला. ओला हात. पायजम्यावर डाग पसरला.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी चपला काढल्या आणि चहा ठेवला.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांच्यासमोर बसते. डोळ्यात काही दिसतं का, दादा? तेल, काळं, काहीही — खरं सांगा. मी खूप हळू आवाजात विचारते. ते मान वर करतात, थेंब दिसू नयेत म्हणून.

"काही न्हाई, माय. मनाचं आसतं."