पोटाखालची जागा

सूर्यमाळला मामाकडे गेलं की तो पाणी विचारायच्या आधी अंगावरून नजर फिरवायचा. "भाचे, भरलास रे चांगला. सूनबाईला पण आणलंस? बसा जीपमध्ये."

मग आम्हा नवराबायकोला आणि शेजारच्या दोन गड्यांना मागे कोंबून तो पाड्याखालच्या ओहोळात न्यायचा. मधली जागा मोकळी सोडायची, हा त्याचा दंडक. तिथल्या एका उभ्या दगडावर जीप आणून तो उतरायचा, पाण्यात आडवा व्हायचा आणि गाडीच्या पोटाखाली हात घालून बघायचा. माझ्या ढेरीचा जगात कुणाला उपयोग झाला असेल, तर तो तिथंच.

त्या दगडावर एकदा जीपचं पोट टेकलं होतं. मागे मधे साप चावलेली मामी, तिला धरून बसलेले चौघं. ओझ्याने चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबलेले. गाडी ना पुढे, ना मागे. मामीला खांद्यावर घेऊन मामा डांबरी रस्त्याला लागला, तोवर ती गार झाली होती.

त्यानंतर मामाने मोठे टायर घातले. गाडी उंच झाली, पण चढाला धापा टाकायला लागली. जव्हारचा मिस्त्री म्हणाला, "चाक मोठं केलंत, इंजिन तेवढंच. ओढणार कसं? मागच्या चाकांचे गिअर, ते क्राउन-पिनियन, बदला." त्याने दोन जोड पुढे ठेवले. एक मधला, थोडा चढ, थोडं पळणं. दुसरा निव्वळ ओढणारा. "हा बसवलात तर सायकलवाला टाटा करून पुढे जाईल, मामा."

"जाऊ दे की. मला पळायचं नाय. अडकायचं नाय," म्हणत मामाने दुसरा उचलला.

मग पाटे वाढवणं सुरू झालं. जीप इतकी उंच झाली, की मला चढवायला खालून एकाने ढकलावं लागे. शेवटी मिस्त्रीने हात जोडले. "आता आणखी उचलली तर वळणावर कलंडेल. मी पाना लावणार नाही." मामाला समजवायला घरच्यांनी मला पाठवलं, बोलण्यात मी हुशार, असा त्यांचा गैरसमज.

"मामा, वीतभर जागा आहे खाली."

"तुम्ही बसल्यावर आहे. ती बसली की?"

मधल्या मोकळ्या जागेकडे बघून माझी हुशारी संपली. मिस्त्री बधला नाही, म्हणून जीप तेवढ्यावर थांबली.

पुढे ओहोळावर पूल झाला, दगड काँक्रीटखाली गेला. तरी मामा तिथं उतरायचा, पालथा पडून बघायचा.

यंदा त्याच्या छातीत कळ आली. मागे आडवं केलं, तर अंग चोरून एका कडेला सरकला. चालवायला मी. पुलावर आलो तसा आवाज आला, "थांब. बघ."

"मामा, उशीर होतोय."

"बघ आधी."

मी उतरलो, ढेरी सांभाळत सिमेंटवर पालथा पडलो. खाली काही नव्हतं.

"जागा आहे, मामा."

"ती धरून?"

"...हो. ती धरून."

"मग चल."

त्या ओढणाऱ्या गिअरांत जीप पळणार नव्हतीच. मी आरशात बघायचं टाळलं. खोडाळ्याच्या दवाखान्यापुढे मागचं दार उघडलं, तेव्हा मामा गेला होता. अजून कडेलाच, अंग चोरून. मधली जागा मोकळी.