मोठं लेथ आता माझ्याकडं आहे

बबनच्या घरून फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच रुसून चहा पीत बसलो होतो. त्याची बायको, सुमनवहिनी बोलत होती... "भावजी, मी आत्ता आले, ह्ये उठंनात वो." महिना झाला त्याला.

उद्यमनगरातल्या एकाच वर्कशॉपात आम्ही बारा वर्षं शेजारी-शेजारी लेथ चालवलं. खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर जळायचो. मी मापं घेऊन घेऊन घामाघूम व्हायचो आणि हा गडी कातलेल्या जॉबवरून नुसतं बोट फिरवून सांगायचा, "केसभर जादा हाय." मोजलं की तेवढंच निघायचं! मालकानं मोठं लेथ त्याला दिलं, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही.

पण त्याची कंबर गेली होती. दुखण्याच्या गोळ्या आधी डॉक्टरांच्या, मग चोरून, मग सवयीच्या. सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची मान कलली की मी खांदा धरून हलवायचो, तोंडावर पाणी मारायचो. मग लॉकडाऊन आलं. शटर खाली, गोळ्याही मिळेनात. तडफडला, पण सुटला. काही महिन्यांनी आला तो गाल भरलेला, डोळे स्वच्छ. मला त्याचाही हेवा वाटला. माझी तंबाखू कुठं सुटली होती?

पहिल्याच दिवशी मी माझं लेथ फुल स्पीडला टाकलं, तर हा ओरडला, "आरं ए शाण्या! इतकं दिवस बंद हुतं की ते. तेल पाज, हळू फिरीव. एकदम जुना लोड दिलास तर मोडंल." सगळ्यांसमोर! मालक हसला. मी मनात म्हटलं, थांब लेका.

आठवड्यात त्याची कंबर पुन्हा धरली. रविवारी दुपारी फोन आला, "ये की घराकडं. तुझी वहिनी वडगावला गेलीया, एकट्याला करमंना." मी म्हटलं, "काम हाय." काम कसलं डोंबलाचं!

त्यानं जुन्या सवयीइतक्याच गोळ्या घेतल्या. डॉक्टर म्हणाले, मधे बंद होत्या, शरीराला आता तेवढ्या पेलणार नव्हत्या. या साथीत अशी एकटी गेलेली माणसं बरीच बघितली, असंही तेच म्हणाले. लेथचं कळत होतं त्याला... स्वतःचं नाही कळलं. आणि पाणी मारणारा मी घरी फुगून बसलो होतो.

मोठं लेथ आता माझ्याकडं आहे. त्याच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली मूठ माझ्या हातात अजून बसत नाही. परवा माझा जॉब बघून मालक पुटपुटला, "बबन असता तर..." सांगायला लाज वाटते, पण मी पुन्हा जळलो. सवयीनं रागारागानं शेजारी वळलो. तिथं माझं जुनं लेथ होतं, बंद.