ऊना शेवटी चालते

ऊना पेन्गेलीचं वय सत्त्याहत्तर. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. गेली बावीस वर्षं ती दर दुसऱ्या रविवारी भटकंतीच्या क्लबाबरोबर ऑस्ट्रेलियातल्या ऑटवेच्या जंगलात चालते, आणि सगळ्यांच्या मागं चालते. ते तिचं कामच आहे. नारिंगी जाकीट घालायचं, कुणाला मागं राहू द्यायचं नाही. तिचा नवरा क्लेम कायम दहा पावलं पुढं असायचा. मरतानाही त्यानं वाट पाहिली नाही, असं ती चहा पिता पिता सांगते. ऐकणाऱ्याचा चहा तसाच राहतो.

ऑगस्टमध्ये क्लबाचा अध्यक्ष रॉस बिडल तिला म्हणाला, "ऊना, तू फार हळू झालीयस."

"मी शेवटी असते रॉस. पळू कुणाच्या मागं?"

"पाच धबधब्यांची फेरी पाच तासांत पूर्ण कर. नाहीतर जाकीट डॉटला दे."

डॉट तिची मैत्रीण, एकाहत्तर वर्षांची. ती म्हणाली, "मला नको. नारिंगी रंगात मी गाजरासारखी दिसते."

रॉसनं ते मनावर घेतलं नाही. फेरीचा अहवाल क्लबाच्या वहीत लिहायचा आणि तो वाचून समितीनं ठरवायचं, असं त्यानं जाहीर केलं.

रविवारी नऊ वाजता चौदा जण निघाले. पावसानं ओढे भरून वाहत होते. पहिले दोन धबधबे ऊनानं वेळेत मागं टाकले. गुडघा कुरकुरत होता. तिनं त्याला दोन शिव्या दिल्या आणि चालत राहिली.

तिसऱ्या धबधब्याच्या वर, वाटेच्या कडेला, एक हिरवी बॅग दिसली. रॉसची. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

क्लबात एक जुना नियम आहे. कुणाला झाडीत जावं लागलं तर बॅग वाटेवर ठेवून जायचं. शेवटच्या माणसानं ती बॅग ओलांडायची नाही. आत गेलेल्याच्या मागं जाऊन बघायचंही नाही. थांबायचं.

ऊना ओंडक्यावर बसली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. "रॉस!" तिनं हाक मारली. "पुसायला कागद आहे ना?"

धबधब्याच्या आवाजात हाक विरून गेली.

साडेबारा वाजले. आता उठली असती तरी धावतपळत दोनला पोचली असती. जाकीट राहिलं असतं. बॅग उचलून न्यावी, असंही मनात आलं. पण माणूस बाहेर आला आणि बॅग दिसली नाही, तर आपल्यासाठी कुणी थांबलं नाही असं तो समजेल. शाळेच्या बसमध्ये तिनं कधी कुणाला मागं सोडलं नव्हतं. हेडमास्तरांना एकदा सोडलं होतं, पण ते मुद्दाम.

ती बसून राहिली. डब्यातलं अंड्याचं सँडविच खाल्लं. मोज्यातून दोन जळवा काढल्या.

एक वाजता तिला खरी भीती वाटली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, त्यात पोट सुटलेलं. ती शिट्टी वाजवत झाडाएवढ्या नेच्यांमध्ये वीस पावलं शिरली. मेला असेल तर निदान पँट वर असू दे, असं तिनं देवाला सांगितलं. देवाशी ती एरवी बोलत नाही. आत कुणी नव्हतं. ती पुन्हा बॅगेपाशी येऊन बसली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. फोनला तिथं रेंज नाही.

दोनला पाच मिनिटं कमी असताना नेचे हलले. रॉस बाहेर आला. घामेजलेला, कानाला जळू लागलेली.

ऊनानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"झालं?"

त्याच्या मागून डॉट आली. हसून हसून तिला धड उभं राहता येत नव्हतं.

"अगं, हा लाजून इतका आत गेला की पलीकडच्या परतीच्या वाटेवर निघाला! तिथं बॅग दिसेना, म्हणून कुणीतरी चोरली असं ठरवून गाड्यांपाशी जाऊन बसला. आम्ही पोचलो तर आमच्यावरच ओरडला. मग म्हणतो, ऊना अजून आली नाही, बघा!"

"मग?"

"मग मी विचारलं, बॅग कुठं ठेवली होतीस? त्याचं तोंड बघायला हवं होतंस."

रॉसनं बॅग पाठीला लावली. "चल, इथून मधूनच जाऊ. अर्ध्या तासात गाडी."

"फेरी पुरी करायची असं तूच म्हणालास. चल पुढं."

"ऊना, तुझा गुडघा..."

"पुढं हो, रॉस."

रॉस पुढं, मध्ये डॉट, मागं ऊना. चौथा धबधबा, पाचवा धबधबा. रॉस दर वळणावर थांबून मागं पाहत होता. शेवटच्या चढावर ऊना दोनदा बसली. गाड्यांपाशी पोचले तेव्हा साडेचार वाजले होते.

रॉसनं बॅगेतून वही काढली. वेळ लिहिली, साडेसात तास. उशिराच्या कारणापाशी पेन थबकलं. मग त्यानं काहीतरी खरडलं.

ऊनानं चष्मा लावून वाचलं. "नैसर्गिक कारणं?"

"खोटं नाही ते."

"असं मेलेल्या माणसाचं लिहितात. समितीला वाटेल मी गेले."

बाकीचे अकरा जण गाड्यांच्या काचा खाली करून ऐकत होते. रॉसनं ते शब्द खोडले आणि नवे लिहिले. ऊनानं तेही वाचलं, वही मिटून त्याच्या हातात दिली आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

वहीत आजही ते वाचता येतं. उशिराचं कारण: अध्यक्ष.