बोंबील आणि कूलर

काल पुण्याच्या खोलीत सुक्या बोंबलांची पिशवी उघडली आणि त्या वासासरशी आमच्या उरणच्या घरातला माझा जुना कम्प्युटर आठवला. ओव्हरक्लॉक करून त्याच्या प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर तो तापणार, म्हणून मला पाण्यावर चालणारा कूलर हवा होता. बाबा होडीवाले. त्यांनी मोबाईलवरचा फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "ह्याला पंप हाय ना? मग न्हाय. भर समुद्रात माझं इंजिन दोनदा पंपापायीच बंद पडलंय. वाऱ्यावरचा घे." मी धुसफुसत का होईना, दोन पंख्यांचा दांडगा कूलर आणला. प्रोसेसर मस्त पळू लागला आणि कम्प्युटरच्या मागून गरम वारा सुटला. त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं, अंगणातले बोंबील अर्धे ओलेच राहिले. दुपारी पाहतो तर आईने त्यांच्या तोंडात तोंड अडकवलेल्या जोड्या दोरीवर घालून थेट माझ्या कम्प्युटरमागे टांगलेल्या! मी ओरडणार, तोच ती म्हणाली, "जरा आणखी वेग वाढव की रं, तोंडं ओली हायत अजून." बाबा दारात उभे राहून हसत होते. मी मुकाट्याने वेग वाढवला. आताचा माझा लॅपटॉप अजिबात तापत नाही, आणि बोंबील मला विकत आणावे लागतात.