लेम्पीला घरी नेणारे आर्वो

अमेरिकेतल्या डुलुथ गावात कुणाच्या म्हाताऱ्या आईवडिलांना एकटं राहणं झेपेनासं झालं, की मुलं मार्लिस थोरसनला फोन करायची. कुणासाठी मदतनीस शोध, कुणासाठी वृद्धनिवासात जागा मिळव, असं तिचं काम. त्यातला निम्मा वेळ घरच्यांच्या भांडणात मध्ये बसण्यात जाई.

निएमी नवराबायकोची लेक जोआन त्या हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाहून आली, ती घाबरूनच. आई लेम्पीला विस्मरणाचा आजार. तिचं सगळं करणाऱ्या वडिलांना, आर्वोंना, स्वतःलाच धड दिसत नव्हतं, तरी गाडी चालवायचे. जोआनने बोलावलेली मार्लिस आली तेव्हा ते म्हणाले, "कॉफी घ्या. सल्ला मात्र नको." आणि आत लेम्पीकडे गेले.

स्वयंपाकघरात मार्लिसने जोआनला सांगितलं, आधी गाडीची किल्ली काढून घ्यायला हवी. दार उघडंच आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. थोड्याच वेळात गॅरेजमधून इंजिनाचा आवाज आला. दोघी धावत बाहेर पोचेपर्यंत आर्वो लेम्पीला घेऊन निघूनही गेले होते.

गावातले सगळे रस्ते उतरत सरोवराकडे जाणारे, आणि त्यांवर काचेसारखा बर्फ. मार्लिस आपली गाडी चालवत होती, जोआन पोलिसांना वडिलांच्या गाडीचा नंबर सांगत होती. फोन ठेवून ती म्हणाली, "तुम्हाला मदतीला बोलावलं होतं. त्यांना पळवून लावायला नाही."

प्रत्येक वळणावर मार्लिस कठडा मोडलेला नाही ना, एवढंच बघत होती.

गाडी सापडली ती सरोवराच्या काठाशी. पुढची चाकं दगडी कडेवर चढलेली, पुढे खाली नुसतं पाणी. इंजिन अजून चालूच होतं. जोआनला मागे थांबवून मार्लिस हळूच मागच्या सीटवर जाऊन बसली. लेम्पी झोपायच्या कपड्यांवर कोट घालून शांत बसली होती.

"किल्ली घ्यायला आलात?" आर्वोंनी मान न वळवता विचारलं.

"हो. पण आधी सांगा, अशा बर्फात हिला का आणलंत?"

"ही रोज म्हणते, घरी चल. घरातच बसून म्हणते. मग मी तिला एक चक्कर मारून आणतो. परत दारात आलो की तिला वाटतं, पोचलो. गाडी गेली, तर हिला घरी कसा नेऊ?"

मार्लिस म्हणाली, "दुसऱ्या कुणी चालवली, तर तुम्ही मागे तिच्याशेजारी बसाल?"

"रोज येईल कोणी?"

"रोजचं वचन देत नाही. शोधते."

आर्वोंनी इंजिन बंद केलं. हात मात्र किल्लीवरून काढला नाही. न राहवून जवळ आलेल्या जोआनने दार उघडून ती काढली, आणि वडिलांचा हात तसाच धरून ठेवला.

मार्लिसने चर्चमधला एक निवृत्त बसचालक गाठला. तो आठवड्यातून तीनदा यायचा, सकाळी एक मदतनीस बाई. वसंतापर्यंत निभावलं. मग लेम्पी रात्री-अपरात्री घराबाहेर पडू लागली आणि तिला वृद्धनिवासात ठेवावंच लागलं. त्यानंतर आर्वोंनी मार्लिसचा फोन उचलणं बंद केलं. ती तरी फोन करत राहिली.

उन्हाळ्यात एकदा त्यांनीच फोन केला. नमस्कार नाही, काही नाही. लेम्पीकडे कुठली बस जाते, एवढंच विचारलं. मार्लिसने सांगितलं, आणि पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर त्या बसमध्ये जाऊन बसली.